सफरचंद-दालचिनीचं थंड कॉकटेल १२ जणांसाठी: पाणचट होऊ नये म्हणून काय करावं?

रानवारा:
शरदातल्या चवीचं कॉकटेल करायचंय, म्हणजे सफरचंद, दालचिनी, आलं. पण हवा गरम आहे, त्यामुळे थंडगारच हवं. १२ पाहुणे दुपारी बाहेर बसणार आहेत. बर्बन (अमेरिकन व्हिस्की), सफरचंदाचा रस, लिंबू, दालचिनीची पूड आणि सोडा मोठ्या भांड्यात एकत्र करून वर बर्फ घातला, तर अर्ध्या तासात सगळं पाणचट होतं. पूड वर तरंगते, तळाशी बुळबुळीत गाळ बसतो आणि सोड्याचा दम जातो. प्रमाण आणि क्रम दोन्ही सांगाल का? दोघं-तिघं दारू घेत नाहीत, त्यांच्यासाठी काय करता येईल?

गारगोटी:
बर्फाकडून गार करण्याचं काम करून घेताय, म्हणून पाणचट होतंय. दीड लिटर मिश्रण ३० अंशांवरून ४ अंशांवर आणायला साधारण ४५० ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. म्हणजे पहिला ग्लास भरायच्या आधीच जवळजवळ अर्धा लिटर पाणी आत गेलेलं असतं. मिश्रण फ्रिजमध्येच पूर्ण गार करायचं, बर्फाने तो गारवा फक्त टिकवायचा.

१५० मिलीच्या १२ ग्लासांसाठी: बर्बन ५०० मिली, बिनसाखरेचा सफरचंदाचा रस ७५० मिली, लिंबाचा रस १५० मिली, दालचिनीचा पाक १२५ मिली, आल्याचा रस २० मिली, मीठ एक चिमूट. सोडा ३०० मिली, तो शेवटी. मद्याचं प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास येतं, बर्फ वितळेल तसं आणखी उतरतं.

पूड अजिबात नको. ती विरघळत नाही, पाणी शोषून फुगते. तो बुळबुळीत गाळ तिचाच. त्याऐवजी पाक करा: २५० ग्रॅम साखर, २५० मिली पाणी, दालचिनीच्या ४ कांड्या हाताने मोडून, २ लवंगा. साखर विरघळली की मंद आचेवर १० मिनिटं, मग आच बंद करून झाकून अर्धा तास मुरू द्या आणि मलमलीतून गाळा. कांड्या रात्रभर पाकात ठेवल्या तर तुरटपणा उतरतो. लवंगाही दोनच, चार घातल्या की सफरचंद हरवतं. पाक दोन-तीन दिवस आधी करून फ्रिजमध्ये ठेवला तरी चालतो.

आलं किसून पिळा, रस १० मिनिटं स्थिर ठेवा आणि खाली बसणारा पांढरा साका मागे ठेवून वरचाच रस घ्या.

लिंबू आणि सोडा सोडून बाकी सगळं आदल्या रात्री एकत्र करून बंद बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा. लिंबू त्याच दिवशी पिळा, शिळ्या रसाचा ताजेपणा जातो. तो घातल्यावर पुन्हा किमान दोन तास फ्रिजमध्ये. चव गार झाल्यावरच बघा. गारव्यात गोडी कमी लागते. कोमट असताना जे नेमकं वाटतं ते गार झाल्यावर आंबट लागतं.

मोगरा१७:
सोड्याबद्दल. तो मोठ्या भांड्यात घालूच नका. बाटल्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि प्रत्येक ग्लासात आधी १२५ मिली मिश्रण, मग २५ मिली सोडा, ग्लास तिरका धरून. कोमट सोड्यातला वायू ओतताक्षणी उडतो, गार सोड्यात तो जास्त वेळ धरून राहतो. ढवळायचं एकदाच, तळापासून वर.

भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या. अ‍ॅल्युमिनियम किंवा कल्हई नसलेलं तांबं-पितळ नको. लिंबाच्या आंबटाने धातू उतरतो.

उत्तरा:
बर्फाचा एकच मोठा ठोकळा करा. लिटरभराच्या डब्यात तीन-चतुर्थांश पाणी (गोठताना फुगतं, काठोकाठ भरलं तर डबा तडकतो) आणि २४ तास फ्रीजरमध्ये. तितक्याच वजनाच्या लहान खड्यांपेक्षा ठोकळ्याचा पृष्ठभाग खूप कमी असतो, म्हणून तो हळू वितळतो. फ्रीजरमधून काढून १० मिनिटं बाहेर ठेवा, मग मिश्रणात टाका. लगेच टाकला तर तडकून त्याचे तुकडे होतात आणि ठोकळा करण्याचा फायदाच जातो.

सफरचंदाच्या चकत्या ठोकळ्यात हव्या असतील तर दोन थरांत गोठवा, नाहीतर सगळ्या वर तरंगतात. काळ्या पडू नयेत म्हणून आधी लिंबाच्या रसात बुडवून घ्या.

रानवारा:
वेळ वाचवायला मिश्रणाची बाटली फ्रीजरमध्ये ठेवली तर?

गारगोटी:
नको. नुसतं बर्बन फ्रीजरमध्ये गोठत नाही, ते खुशाल ठेवा. पण मिश्रणात मद्य जेमतेम १३ टक्के आहे. घरच्या फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर, काही तासांत ते अर्धवट गोठून बर्फाचा चुरा होतो. बाटली काठोकाठ भरलेली असेल तर फुटूही शकते. घाई असेल तर पाऊण तास ठेवा आणि गजर लावा.

उत्तरा:
दारू न घेणाऱ्यांसाठी बर्बनच्या जागी काळा चहा, तेवढाच. नुसतं बर्बन वगळलं तर सरबत होतं, कारण जिभेवरचा तो कोरडेपणा जातो. चहाच्या तुरटपणाने तो बराचसा भरून निघतो. ५०० मिली गार पाण्यात १० ग्रॅम चहापत्ती, फ्रिजमध्ये ६ ते ८ तास, मग गाळा. उकळून केलेला कडक चहा गार झाला की गढूळ होतो, असा भिजवलेला सहसा नितळ राहतो. पाक १२५ ऐवजी १०० मिली. तीन जणांना द्यायचं असेल तर सगळं पाव करा.

जग आणि डाव दोन्ही वेगळे ठेवा आणि जगावर चिठ्ठी लावा, कारण रंग हुबेहूब सारखा दिसतो. जायफळ दोन्हींत ग्लास देताना वरून किसा, आधी घातलं तर वास उडून जातो.