फेरो बेटं: गासादालूर तासाभरात होईल का?

सह्यभटक्या: जूनमध्ये आम्ही दोघं कोपनहेगनहून फेरो बेटांवर जातोय. वागार बेटावरचा गासादालूरचा धबधबा बघायचाच आहे. विमानतळापासून जवळ आहे म्हणतात. तासाभरात उरकेल, की बोऊर आणि सोरवागूर या शेजारच्या गावांसाठीही वेळ ठेवू?

अनघा_डेन्मार्क: उरकू नका हो, कळकळीने सांगते. धबधबा बोगद्यातून गाडीने गेलात तर लगेच दिसतो. पण हा बोगदा २००४ चा. त्याआधी गासादालूरला जायचं म्हणजे बोऊरहून चारशे मीटरांवर डोंगर चढायचा आणि पलीकडे उतरायचं. पोस्टमनही टपाल घेऊन याच वाटेने जायचा. समुद्र समोरच आहे, पण गाव कड्यावर, खाली होडी लावायला धड जागा नाही. म्हणून मासेमारीच्या होड्या बोऊरला ठेवायचे.

१८७३ पर्यंत गावाला स्वतःची दफनभूमीही नव्हती. माणूस गेलं की शवपेटी खांद्यावर घेऊन, हाच डोंगर ओलांडून बोऊरला न्यायची. खांदेकरी जिथे पेटी टेकवून दम घ्यायचे, तो दगड अजून वाटेवर आहे. रिकाम्या हातांनी तिथवर पोचतानाच मला धाप लागली होती, वाऱ्याने तोल जात होता. दगडाला हात लावून बराच वेळ उभी राहिले. या गावाचं खरं मोल मला तिथे कळलं, धबधब्यापाशी नाही.

तेव्हा बोऊरहून चालत जा. डावीकडे खाली समुद्र आणि त्यात तिंदहोल्मूर बेटाचे पाच सुळके दिसतात.

रेवती_पुणे: व्हिसाचं बघितलंत का? फेरो बेटं डेन्मार्कच्या अखत्यारीत असली तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत, येत नाहीत. डेन्मार्कच्या व्हिसावर फेरोसाठी वैध अशी वेगळी नोंद लागते. अर्ज करतानाच मागा.

सह्यभटक्या: बरं झालं सांगितलंत! अनघाताई, धुकं असलं तर?

अनघा_डेन्मार्क: मग डोंगर सोडाच, बोगद्यानेच या. तो एकेरी आहे, समोरून गाडी आली की बाजूच्या खाचेत थांबायचं. खाण्यापिण्याचं सोरवागूरच्या दुकानातून घेऊन निघा. मिकिनेस बेटाची बोटही तिथूनच सुटते, पण समुद्र खवळला की रद्द होते, तिच्या भरवशावर दिवस आखू नका. आणि एक विनंती: गासादालूरमध्ये फोटोसाठी गवतात शिरू नका. ते मेंढ्यांचं हिवाळ्याचं वैरण आहे, तुडवलं की कापता येत नाही. धबधब्याकडे जायला आखलेली वाट आहे.