मदत हवी आहे: लॅबमध्ये लिनक्स टाकलं, आता शिक्षकांच्या मराठी फाइली वाचता येत नाहीत

लॅबवाले_सर: नमस्कार मंडळी. शाळेतले पीसी विंडोज ११ घेत नाहीत, १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणून सुट्टीत सगळीकडे विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टिम टाकली. पोरं जाम खूश, गणिताचं जिओजेब्रा, छोट्यांच्या खेळांचं जीकॉम्प्री सगळं पळतंय. पण जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. सोमवारी चाचणी आहे, स्टाफरूममध्ये सगळे म्हणतायत विंडोज परत टाका. लवकर सांगा काय इन्स्टॉल करू?

टर्मिनलप्रेमी: कोणतं लिनक्स? रॅम किती? मिंट एक्सएफसीई (लिनक्सचा हलका प्रकार) टाका, ४ जीबीत मस्त चालतं.

लॅबवाले_सर: मिंटच आहे. रॅमचा काय संबंध, अक्षरं दिसत नाहीयेत!

पालक_नाशिक: मुलांवर प्रयोग कशाला? एमएस-सीआयटीला वर्ड, एक्सेलच शिकवतात.

सह्यकडा: केरळात सरकारी शाळांत कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकवतात, काइट ही तिथली सरकारी कंपनी उबुंटूवर बेतलेली सिस्टिम शाळांना देते. लिब्रेऑफिस या फुकट ऑफिसच्या रायटरमध्ये तक्ता करता आला की वर्डमध्येही येतो हो.

लिपिका: सर, फाइलीत फाँट कोणता आहे? वरच्या चौकटीत नाव तिरकं दिसत असेल तर तो तुमच्या पीसीत नाही.

लॅबवाले_सर: हो तिरकंच आहे. काहींत कृतीदेव ०१०, काहींत डीव्हीबी-टीटी सुरेख.

लिपिका: मग लिनक्सला बोल लावू नका. हे युनिकोडच्या (सगळ्या पीसींवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीच्या) आधीचे फाँट. कृतीदेवमध्ये आपण 'क' वाचतो पण फाइलीत इंग्रजी डी असतो, फाँट नसेल तर विंडोजवरही हेच दिसणार. चाचणीपुरतं जुन्या पीसीतल्या त्या दोन फाँटच्या टीटीएफ फाइली आणा, होम फोल्डरमध्ये .fonts नावाचं फोल्डर करून त्यात ठेवा, लिब्रेऑफिस बंद करून परत उघडा. फाँट विकतचा असेल तर परवाना बघून घ्या. नंतर सावकाश सगळं युनिकोडमध्ये न्या, दोन्हींना कन्व्हर्टर वेगळे लागतात, आणि रफार आणि पहिली वेलांटी डोळ्याखालून घालाच, तिथे हमखास घसरतं.

टर्मिनलप्रेमी: व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी पीसीत) विंडोज चालवा ना, सगळे प्रश्न मिटले.

लिपिका: ४ जीबीत? मशीन उठणार नाही. आणि फाइली तशाच अडकून राहतील, उद्या दुसरे सर आले की परत हेच.

सह्यकडा: माझं मत, क्रम उलटा हवा होता. आधी वर्षभर विंडोजवरच लिब्रेऑफिस, व्हिडिओला व्हीएलसी, चित्रांना जिम्प द्यायचं, हाताला सवय झाली की सिस्टिम बदलली तरी कुणी कुरकुरत नाही. शिक्षकांना आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल दाखवा, मराठीत आहेत, फुकट आहेत.



लॅबवाले_सर: सुरेख फाँट दिसला!! कृतीदेव घरच्या पीसीत आहे, रात्री आणतो. पण सहावीच्या मॅडमना टायपिंगला रेमिंग्टनच (जुन्या टाइपरायटरचा कीबोर्ड) हवाय, त्याशिवाय त्या हातच लावत नाहीत.

लिपिका: आयबस-एम१७एन (कीबोर्ड निवडायचं सॉफ्टवेअर) टाका, त्यात हिंदीखाली रेमिंग्टन आहे. 'ळ' कुठे येतो ते आधी तपासा. मॅडमशेजारी बसून पहिला पेपर करून घ्या, नुसतं इन्स्टॉल करून निघून येऊ नका.

पालक_नाशिक: सर, हे घरच्या जुन्या लॅपटॉपवर चालेल का? मुलगी सारखी जिओजेब्रा मागतेय.

लॅबवाले_सर: जिओजेब्रा विंडोजवरही चालतं, आजच टाका. लिनक्स नंतर बघू, शनिवारी लॅपटॉप घेऊन शाळेत या.