विश्वासणाऱ्यानं विश्वासणाऱ्यावर केस घालावी का?

शाहूपुरीकर
आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका विधवा मावशींचे दोन लाख भिशीत अडकलेत. भिशी चालवणारा मंडळीतलाच, रविवारी पहिल्या बाकावर असतो. मावशींचा नंबर लागला तेव्हा त्यानं चेक दिला, तो शिल्लक नाही म्हणून परत आला. पाळकसाहेब आणि कमिटीनं दोघांना बोलावलं. तो रडला, गुडघे टेकले, प्रार्थना झाली, चहा झाला. मग मावशींना सांगितलं, क्षमा करा, पोलिसांत जाऊ नका, मंडळीचं नाव जातं. पैसे कधी देणार, हे कुणी विचारलंच नाही.

आधार दिला बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 6 व्या अध्यायाचा. भावाभावाचा वाद अविश्वासणाऱ्यांपुढं नेता, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असं पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथं विचारतो. बरोबर आहे. पण तो बोलतोय आपसातल्या तंट्यांबद्दल, आणि 'तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा नाही काय' असंही विचारतो. म्हणजे मंडळीनं निवाडा करायचा, प्रकरण दाबायचं नव्हे. आणि रोमकरांस पत्राच्या 13 व्या अध्यायात तोच पौल सांगतो की वाईट करणाऱ्याला शासन करायला अधिकारी देवानंच नेमलाय. मग त्याच्याकडं गेलं तर पाप कसलं? माझं मत स्पष्ट आहे, मावशींनी केस करावी आणि कमिटीनं त्यांच्यासोबत कोर्टात जावं.

जुना_सभासद
भावा, सोपं करून सांगितलंस. मत्तय 18 मध्ये क्रम दिलाय: आधी एकांतात, मग दोघातिघांना घेऊन, मग मंडळीपुढं. एक बैठक झाली म्हणून पायऱ्या संपल्या होय? कमिटीनं पैसे विचारले नाहीत ही कमिटीची चूक. त्यासाठी थेट पोलीस स्टेशन कशाला? आपण मूठभर लोक. उद्या पेपरात 'चर्चच्या भिशीत फसवणूक' छापून आलं की लोक भिशी विसरतील, चर्च तेवढं लक्षात ठेवतील.

शाहूपुरीकर
मावशी एकट्या चार वेळा त्याच्या दारात जाऊन आल्या, नंतर दोन बायकांना घेऊन गेल्या, मग कमिटीपुढं. मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला परराष्ट्रीय नि जकातदारासारखा समजा, असं त्याच उताऱ्यात पुढं आहे. पहिल्या बाकावर बसवा असं नाही.

तांबडा_पांढरा
मी ख्रिस्ती नाही, पण आमच्या तालमीतही हेच चालतं. 'घरातलं घरात मिटवा' म्हणणारा नेहमी पैसे खाल्लेल्याच्या जवळचाच असतो. नाद खुळा!

पन्हाळा_रोड
पौलाला साक्षीला आणणाऱ्यांनी नीट वाचावं. फिलिप्पैमध्ये चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं, सकाळी गुपचूप जा म्हणाले, तेव्हा तो म्हणाला, आम्ही रोमन नागरिक, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. हक्क सांगितला, पण सरकारला. रोमन सुभेदार फेस्तापुढं कैसराकडं, म्हणजे सम्राटाकडं, दाद मागितली तेव्हा तो आरोपी होता. पौलानं विश्वासातल्या भावावर फिर्याद केल्याचं एक उदाहरण दाखवा. नाही सापडणार.

मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात बसायला लागलं, त्यासाठी वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, हे चांगलंच झालं. पण हायकोर्ट जवळ आलं म्हणून घरोघरी खटले काढायचे काय?

शब्बाथशाळेची_बाई
पौलाची फिर्याद नाही, मान्य. पण लूक 18 मधली विधवा? अन्यायी न्यायाधीशाच्या मागं लागली होती, तुमच्या कमिटीच्या नव्हे.

पन्हाळा_रोड
तो दाखला चिकाटीनं प्रार्थना करण्याबद्दल आहे बाई.

शब्बाथशाळेची_बाई
आहे ना. पण तिनं न्याय मागितला म्हणून येशूनं तिला नावं ठेवली नाहीत. आणि पश्चात्तापाचंच म्हणाल तर येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयानं रडून दाखवलं नाही. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो म्हणाला. आमच्या माणसानं मुद्दल तरी द्यावं! क्षमा करायची ती मावशी करतील, त्यांच्या वतीनं कमिटीनं का करावी? दुसऱ्याच्या पैशावर मोठं मन दाखवायला काय जातंय?

आणखी एक. ही 'घरातलं घरात'ची सवय पैशापुरती राहत नाही. लेकराशी वाईट वागलेलं कळलं तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणं पोलिसांना कळवावंच लागतं, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. तिथं पाळक, कमिटी, शाळा कुणालाच मिटवायची मुभा नाही. भिशीत जी सवय लावाल तीच तिथं आडवी येईल.

जुना_सभासद
पॉक्सोचं एकदम मान्य, तिथं वादच नको. पण भिशीची नि त्याची तुलना नको. इथं त्याची बायका-पोरं आहेत, तो आत गेला तर फेडणार कोण? आम्ही चौघं पुढं होतो, हप्ते ठरवतो, स्टॅम्पवर लिहून घेतो. कोर्टात वर्षं जातील, मावशींच्या हातात काय पडणार?

बावड्याचा_वकील
दोन्ही बाजूंनी शास्त्र भरपूर झालं, आता मुदतीचं बोला. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जायला पाहिजे. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला 15 दिवस. नाही दिले तर त्यानंतर एक महिन्याच्या आत तक्रार. हे चेक न वटल्याबद्दलचं कलम 138, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात तडजोड कोणत्याही टप्प्यावर करता येते, लोकअदालतीतही. म्हणजे काकांचे हप्ते नोटिशीनंतरही बसतात, उलट नोटीस गेल्यावर लवकर बसतात, हा आमचा रोजचा अनुभव. आणि वकिलाच्या खर्चाची काळजी असेल तर बाईमाणसाला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, बावड्याच्या कोर्टात जाऊन अर्ज करा.

जुना_सभासद
मुदतीचं आम्हाला कुणी बोललं नव्हतं. तरी नोटीस पाठवायच्या आधी एकदा मी त्याच्या घरी जाऊन येतो.

बावड्याचा_वकील
जरूर जावा. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो कधीचा आहे तेवढं सांगा.

शाहूपुरीकर
मावशींना फोन केला. आज चोविसावा दिवस.

बावड्याचा_वकील
मग काकांनी आज संध्याकाळीच जावं. नोटीस उद्या जाते.