३३ व्या वर्षी नोकरी सोडून सेमिनरीला जावं का? पाळक होऊ इच्छिणाऱ्याचा प्रश्न (पुणे)

हडपसरवाला३३

सगळ्यांना सलाम. हडपसरला राहतो, एका कंपनीत क्वालिटीला आहे, बी.एस्सी. झालंय. मूळचे आम्ही नगरकडचे, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. सी.एन.आय.च्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, मराठी मंडळीत आहोत, ९ वर्षं संडे स्कूल घेतोय आणि पाळकसाहेब बाहेरगावी असले की उपदेशही माझ्याच गळ्यात पडतो, म्हणजे पडायचा, आता मीच वाट बघतो खरं सांगायचं तर. पाचारण आहे, म्हणजे देव या सेवेला बोलावतोय, असं दोन वर्षं वाटतंय, बोलून कोणाला दाखवलं नव्हतं, मागच्या महिन्यात पाळकसाहेबच म्हणाले की तू बी.डी. (पाळकांसाठीची ईश्वरशास्त्राची डिग्री) कर. बायको नोकरी करते, मुलगी ४ वर्षांची. मला विचारायचंय की नोकरी सांभाळून काही होतं का, बी.डी.च करावी का एखादा छोटा कोर्स पुरतो, आणि पाळकपदाची दीक्षा झाली की शिक्षण संपतं का पुढेही काही असतं? आमच्याकडे दीक्षेनंतर कोणी पुस्तक उघडताना दिसत नाही म्हणून विचारतोय, टोमणा नाही.

घोरपडी_गेट

टोमणाच आहे, पण चालेल 😄

आधी एक गोष्ट. सेमिनरीचा फॉर्म भरायच्या आधी डायोसिसकडे, म्हणजे बिशपच्या कार्यक्षेत्राच्या ऑफिसकडे, जा. पास्टोरेट कमिटीची (आपल्या मंडळीच्या कमिटीची) शिफारस, मग डायोसिसची मुलाखत, बिशपसाहेबांशी बोलणं, या वाटेने उमेदवार म्हणून गेलास तर पुढे सोपं जातं. माझ्या एका मित्राने स्वतःच्या पैशाने डिग्री घेतली आणि नंतर डायोसिसला जाऊन उभा राहिला, तेव्हा त्याला विचारलं की तुला पाठवलं कोणी? डिग्री आहे म्हणून दीक्षा मिळत नाही. दीक्षा मंडळीसाठी असते, मंडळीनेच आधी माणूस ओळखायचा असतो. आणि थेट रेव्हरंड होत नाहीत, आधी डीकन (दीक्षेची पहिली पायरी), मग प्रेसबिटर, म्हणजे पूर्ण पाळक.

तिसरं_वर्ष_चालू

दादा, मी सध्या बी.डी. करतेय म्हणून ताजं ताजं सांगते. पदवीधरांना साधारण ४ वर्षं, पूर्णवेळ. नोकरी सांभाळून बी.डी. हे डोक्यातून काढून टाका. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, आधी यवतमाळला होती, १९८३ ला इकडे आली. डिग्री बंगालमधल्या सेरामपूरच्या सिनेटची, म्हणजे तिथल्या ईश्वरशास्त्राच्या विद्यापीठाची, असते. जुना करार, नवा करार, ख्रिस्ती मंडळीचा इतिहास, नीतिशास्त्र, इतर धर्म, उपदेशशास्त्र, समुपदेशन, आणि ग्रीक हिब्रू. ग्रीकला घाबरू नका, पहिले दोन महिने रडू येतं मग सवय होते. शनिवार-रविवारी कुठल्यातरी मंडळीत काम असतं, त्यामुळे रविवार हा सुट्टीचा दिवस असतो हे मी विसरलेच आहे.

नोकरी सोडायची नसेल तर सेरामपूरचाच बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) घरी बसून करता येतो. तो विश्वासू सामान्य सभासदांसाठी आहे, त्यावर पाळक होता येईल असं समजू नका, पण अभ्यास झेपतो का हे कळतं.

बायकांनी हे शिकून काय करायचं असं अजूनही विचारणारे भेटतात. सी.एस.आय.मध्ये (चर्च ऑफ साउथ इंडिया) २०१३ ला आंध्रातल्या नंद्यालला पुष्पा ललिता बिशप झाल्या, एवढं उत्तर मी देते आणि चहा प्यायला जाते.

निवृत्त_पाळक_काका

हडपसरवाला, बाळा, दीक्षेनंतर पुस्तक उघडत नाहीत ही तुझी तक्रार मला लागली, कारण मीही सुरुवातीची ४-५ वर्षं उघडलं नव्हतं, आणि का उघडलं नव्हतं ते सांगतो, लांबेल जरा.

मी शिकलो सगळं इंग्रजीत. नोट्स इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, स्वप्नंसुद्धा इंग्रजीत पडायला लागली होती. पहिली नेमणूक खेड्यात. पहिल्याच महिन्यात जस्टिफिकेशनवर उपदेश केला, म्हणजे तोंडात नीतिमान ठरणे हाच शब्द होता पण डोक्यात नोट्सचं पान होतं. ४० मिनिटं बोललो. खाली उतरल्यावर एक म्हातारी म्हणाली, पाळकसाहेब तुम्ही लई शिकलेले दिसता. मी खूश. दोन वर्षांनी कळलं की ती स्तुती नव्हती.

गंमत अशी की ज्या सेरामपूरची डिग्री आपण इंग्रजीत घेतो तिथल्याच विल्यम केरीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८११ ला मराठीत नवा करार. हाताशी वैजनाथ शर्मा नावाचे पंडित होते म्हणून जमलं. म्हणजे परका माणूस मराठी शिकायला पंडित ठेवतो आणि आपण मराठी येतेच म्हणून शिकतच नाही! हिब्रूमधल्या हेसेद या शब्दावर मला वर्गात चांगले मार्क होते. पण १३६वं स्तोत्र मंडळी म्हणते तेव्हा 'त्याची दया सनातन आहे' यातली दया म्हणजे भिकाऱ्याला नाणं टाकतो ती नव्हे, दिलेला शब्द न मोडणारी माया आहे, हे मराठीत सांगायला मला ६ वर्षं लागली. तेव्हा सेमिनरीत असतानाच दर आठवड्याला एक पान मराठीत लिही. रेव्हरंड टिळकांची गीतं नुसती गाऊ नकोस, वाच. अभंग, ओवी या आपल्या लोकांच्या कानात आधीपासून बसलेल्या चाली आहेत, त्या माणसाने ते ओळखलं होतं.

दुसरं, पुढच्या शिक्षणाचं. खरा उपयोग मला क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशनचा झाला, दीक्षेनंतर ११ वर्षांनी. वेल्लोरच्या सी.एम.सी.त (ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात) असे कोर्स होतात. हॉस्पिटलात वॉर्डमध्ये पेशंटला भेटायचं, मग खोलीवर येऊन तो काय म्हणाला मी काय म्हणालो हे आठवून शब्दन् शब्द लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी गटासमोर वाचायचं. त्याला व्हर्बेटिम म्हणतात. माझं पहिलं व्हर्बेटिम वाचल्यावर शिकवणाऱ्या बाईंनी एवढंच विचारलं, की पेशंट म्हणाला मला भीती वाटते आणि तुम्ही लगेच प्रार्थना सुरू केली, भीती कोणाला वाटत होती? मी त्या दिवशी जेवलो नाही.

११ वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन हेच करत होतो ना. अवघड बोलणं आलं की २३वं स्तोत्र काढायचं आणि आमेन म्हणून चप्पल घालायची.

वडगावशेरीचा_कॅथलिक

वाचतोय, मस्त चाललंय. आमच्याकडचं सांगतो, माझा धाकटा भाऊ त्या वाटेवर आहे. नगर रोडला रामवाडीला पेपल सेमिनरी आहे, १८९३ ला श्रीलंकेत कँडीला सुरू झाली आणि १९५५ ला पुण्यात आली. आधी तत्त्वज्ञान, मग मधे एखादं वर्ष बाहेर प्रत्यक्ष काम, मग ईश्वरशास्त्र, मग डीकन आणि त्यानंतर निदान ६ महिने थांबून फादर. २५ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय धर्मगुरू करत नाहीत हा नियमच आहे. लग्नाचा प्रश्न आमच्याकडे येत नाही त्यामुळे वहिनींची परवानगी वगैरे भानगड नाही. बाकी मराठीचा प्रॉब्लेम सेम टू सेम. भाऊ घरी आला की आईशी कोकणी-मराठीत बोलतो आणि देवाबद्दल बोलायला लागला की इंग्रजी सुरू.

पाळकांची_बायको

भानगड म्हणू नका हो, आम्ही वाचतोय 🙂

हडपसरवाले भाऊ, तुम्ही कोर्स विचारलात, ग्रीक विचारलं, दीक्षेनंतरचं विचारलं. बायको नोकरी करते एवढंच लिहून पुढे गेलात. ४ वर्षं घर कोणाच्या पगारावर चालणार? नंतर बदली होणार, दर काही वर्षांनी, तेव्हा तिच्या नोकरीचं काय? आमच्या ३ बदल्या झाल्या, मुलांच्या ३ शाळा. पाळकांच्या बंगल्यात रात्री ११ ला बेल वाजते तेव्हा दार मी उघडते, त्याचं ट्रेनिंग मला कोणी दिलं नाही. तिला नको म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणू दे. दीक्षेच्या दिवशी तुम्ही गुडघे टेकाल, बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवतील, फोटो छान येतात. ती मागच्या बाकावर बसलेली असेल.

आणि हो, काकांचं मराठीचं बरोबर आहे. माझ्या मिस्टरांचा उपदेश शनिवारी रात्री मी आधी ऐकते, मला कळला नाही तर रविवारी मंडळीला सुटका नाही हा आमच्या घरचा नियम.

हडपसरवाला३३

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. डायोसिसचं माहीतच नव्हतं, रविवारी पाळकसाहेबांशी बोलतो. बी.सी.एस.ची चौकशी करतो.

काकांचं वाचून काल आईवर प्रयोग केला. म्हटलं आई, नीतिमान ठरवणे म्हणजे काय गं? ती भाकऱ्या थापत होती, म्हणाली, कोर्टात आपल्यावरची केस सुटते तसं, फक्त गुन्हा आपण केलेला असतो.

निवृत्त_पाळक_काका

माझी ४० मिनिटं परत दे.

पाळकांची_बायको

आईंशी बोललात, छान. बायकोशी?

हडपसरवाला३३

ती सेकंड शिफ्टला आहे ताई. साडेअकराला येते, जागा राहतो आज.