डिझेल वाढवायच्या आधी पायरोमीटर बसवा
इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो लावलाच आहे तर इंजेक्शन पंपातून इंजिनात जाणारं डिझेलही लगेच वाढवून घ्या असं काही जण सुचवतात, ते जुन्या फोर्ड एफ-२५० पिकअपमधल्या ७.३ लिटर आयडीआय (इनडायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिनाला तरी मला अजिबात पटत नाही. डिझेल तेवढंच ठेवून नुसती हवा वाढली तरी धूर कमी होतो, एक्झॉस्ट थोडा थंड राहतो आणि उंचावरच्या चढाला, जिथे बिनटर्बोचं साधं इंजिन दमतं, तिथे फरक लगेच कळतो. डिझेल वाढवलं की मात्र उष्णता झपाट्याने चढते, म्हणून आधी पायरोमीटर (एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर) बसवा आणि त्याचा प्रोब टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच (सिलिंडरमधून एक्झॉस्ट गोळा करणाऱ्या नळीत) घ्या, टर्बोच्या नंतर लावला तर लोडवर आकडा बराच कमी दिसतो आणि पिस्टन वितळायला लागला तरी पत्ता लागत नाही.

अजून एक, फोर्डने १९९३-९४ ला याच इंजिनाला कंपनीतूनच टर्बो दिला तेव्हा आतले पिस्टन आणि त्यांच्या पिना जास्त दणकट घातल्या होत्या. साध्या इंजिनात त्या नाहीत, त्यात कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) २१.५ ला १ म्हणजे आधीच भरपूर, तेव्हा बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, ८-१० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) वर नेऊच नका प्लीज, ही इंजिनं आता नवीन मिळत नाहीत.