प्रति: खोटी तिकिटं

कलाकार निषेध म्हणून टपाल तिकिटांसारखी तिकिटं करतात, त्यावर 'तिकिटाची नक्कल म्हणजे टपालाची फसवणूक, त्यात निषेध कसला' असं एक मत आलं; ते सरसकट पटलं नाही. पॅलेस्टिनी कलाकार खालेद जरार यांनी 'स्टेट ऑफ पॅलेस्टाइन' अशी अक्षरं आणि शिंजीर पक्ष्याचं चित्र असलेलं तिकीट केलं आणि २०१२च्या बर्लिन बिएनाले या कलाप्रदर्शनाच्या सुमारास ते चक्क डॉइचे पोस्ट या जर्मन टपाल कंपनीच्या 'आपलं चित्र द्या' सेवेतून छापून घेतलं. पैसे भरलेले, पत्र रीतसर पोचणार! जर्मनीने पॅलेस्टाइनला देश म्हणून मान्यता दिलेली नव्हती, आणि नाव मात्र जर्मन पाकिटांवर. टोचणी आहे ती इथे.

ब्रिटिश कलाकार जेम्स कॉटीच्या २००३मधल्या, राणीला गॅस मास्क घातलेल्या तिकिटावरही रॉयल मेल या ब्रिटिश टपालसेवेने स्वामित्वहक्काची हरकत घेतली होती. फसवणूक झाली म्हणून नव्हे.