आधी सोनोग्राफी, मग बाकीचं

गाल सुजलाय म्हणून पाच वर्षांच्या मुलाचा थेट सीटी स्कॅन करावा का, असा प्रश्न आहे. डोळ्याभोवती सूज असेल, डोळा बाहेर आल्यासारखा दिसत असेल किंवा बुबुळ नीट हलत नसेल, तर हो, कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं, चित्र स्पष्ट करणारं औषध) देऊन सीटी, आणि तोही लगेच. एरवी सुरुवात सोनोग्राफीनेच. किरणोत्सर्ग नाही, गुंगीचं औषध नाही, मूल आईच्या मांडीवर बसलेलं चालतं. पू साठलाय, गाठ सुजलीय की लाळग्रंथीच सुजलीय, हे बहुतेकदा तिथंच कळतं.

एक गोष्ट हमखास निसटते. गाल पुन्हा पुन्हा सुजला की घरात दर वेळी ‘गालगुंड’च म्हणतात. (सरकारी लसीकरणात एमआर, म्हणजे गोवर-रुबेलाची लस असते, गालगुंडाची लस नसते, त्यामुळे शंका रास्तच.) पण गालगुंड सहसा एकदाच होतो. वारंवार सूज आली तर मुलांमधला वारंवार होणारा पॅरोटायटिस (कानापुढच्या लाळग्रंथीची सूज) आठवावा. सोनोग्राफीत ग्रंथीभर बारीक काळसर ठिपके दिसतात.

आणि किडलेली दाढ? ती आधी तोंड उघडून बघा हो! तिथं दाताचा साधा एक्स-रे पुरतो. एमआरआय फक्त रक्तवाहिन्यांच्या गाठी किंवा ट्यूमरच्या शंकेसाठी राखून ठेवावा, कारण लहान मुलांना त्यात बहुधा झोपवावं लागतं.